कळ आणि कळणे : संगणकीय लेखनातील अल्पज्ञात सोयी आणि लेखकाचे उत्तरदायित्व

१

'शॉर्टकट' हा शब्द मराठीत रुळला तो संशयाची एक छटा घेऊनच. 'त्याने शॉर्टकट मारला' असे म्हणताना वेळ वाचवल्याचे कौतुक क्वचितच अभिप्रेत असते. जे करावयास हवे होते ते टाळले, असा ठपकाच बहुधा त्यात असतो. वाटांसाठी मराठीत असलेले जुने शब्द याहून अधिक तारतम्य बाळगतात. जवळची वाट, पाऊलवाट, आडवाट आणि चोरवाट या चारही वाटा हमरस्ता सोडतात. परंतु चारींचे नैतिक मोल सारखे नाही. जवळची वाट अंतर वाचवते. पाऊलवाट अनेकांच्या चालण्याने पडलेली असते. आडवाटेला मुक्कामाची खात्री नसते, आणि चोरवाटेला कोणाच्या तरी नजरेपासून लपावयाचे असते. संगणकावर लिहिताना ज्यांना 'शॉर्टकट की' म्हणतात त्या कळांच्या जोड्या यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतात, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. साहित्यविचाराशी त्याचा काय संबंध, असेही कोणी विचारील. प्रस्तुत विवेचनाचा रोख असा आहे की हा प्रश्न लेखकाच्या उत्तरदायित्वाचा आहे, आणि म्हणून तो साहित्यविचाराच्या कक्षेत येतो.

दोन किंवा अधिक कळा एकत्र दाबून आज्ञा देण्याच्या या रीतीला, जोडाक्षराच्या धर्तीवर, येथे 'जोडकळ' म्हटले आहे. मजकूर उचलणे, डकवणे, केलेली कृती मागे घेणे यांच्या जोडकळा आज बहुतेक लिहिणाऱ्यांच्या हातात बसलेल्या आहेत. मात्र 'वर्ड'सारख्या आज्ञावलीत यांखेरीज शेकडो सोयी असतात आणि त्यांतील बऱ्याच वर्षानुवर्षे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतात. शिफ्ट आणि एफ-५ दाबले असता शेवटी जेथे बदल केला त्या जागी परत जाता येते. बंद केलेला लेख दुसऱ्या दिवशी उघडल्यावर हीच जोडकळ काल जेथे काम थांबले होते तेथे नेऊन सोडते. कंट्रोल, शिफ्ट आणि मधली मोकळी कळ एकत्र दाबली असता न तुटणारी जागा मिळते, त्यामुळे 'वि. का.' ओळीच्या शेवटी आणि 'राजवाडे' पुढच्या ओळीच्या आरंभी अशी नावाची ताटातूट होत नाही. ऑल्ट आणि शिफ्टसह वर-खाली जाणारे बाण वापरले तर अख्खा परिच्छेद उचलून मागेपुढे नेता येतो.

अशी एखादी सोय दहा-पंधरा वर्षांनी अचानक कळते तेव्हा मनात उमटणारी भावना मिश्र असते. आनंद तर होतोच. त्याच्या पाठोपाठ 'इतकी वर्षे हे ठाऊक नव्हते' अशी हळहळही येते. ही हळहळ कशाची? ती केवळ वाया गेलेल्या वेळेची असेल तर तो हिशेबाचा भाग झाला. त्यात तात्त्विक असे काही नाही. परंतु काही शोध असे असतात की ते कळल्यावर पुढचे लेखन सोपे होते एवढेच नव्हे, तर मागे लिहिलेले सारे पुन्हा तपासावे लागते. आजवर जी यंत्राची मर्यादा समजली गेली ती मर्यादा नव्हतीच, ते लेखकाचे अज्ञान होते, असे तेव्हा ध्यानात येते. जेथे पर्याय नाही तेथे जबाबदारी नाही. आणि पर्याय होता पण ठाऊक नव्हता, तेथे काय?

२

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी हे ज्ञान कोणत्या जातीचे आहे ते पाहणे इष्ट ठरेल. गिल्बर्ट राइल यांनी 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' (१९४९) या ग्रंथात 'अमुक आहे हे जाणणे' आणि 'अमुक कसे करावे हे जाणणे' असा जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. मर्लो-पाँती यांनी 'फेनॉमेनॉलॉजी ऑफ पर्सेप्शन' (१९४५) मध्ये टंकलेखनाचेच उदाहरण घेतले आहे. सराईत टंकलेखकाला एखादे अक्षर कळफलकावर नेमके कोठे आहे ते सांगता येईलच असे नाही, तरीही त्याची बोटे तेथे अचूक जातात. हे ज्ञान हातांत वसते आणि हात कामाला लागल्याशिवाय ते प्रकट होत नाही.

अल्पज्ञात जोडकळेचे वैशिष्ट्य असे की ती या दोन्ही अवस्थांतून जाते. प्रथम ती एखाद्या वाक्यासारखी कळते: 'हे आणि हे एकत्र दाबले की असे होते.' ते वाक्य दुसऱ्याला सांगता येते, वहीत टिपून ठेवता येते. पुढे सरावाने ती बोटांत उतरते आणि मूळ वाक्य विसरले जाते. शोध आणि सवय यांच्या मधला हा काळ अल्प असतो, आणि या अल्प काळातच लिहिणाऱ्याला आपले साधन साधन म्हणून दिसते. हायडेगर यांच्या विवेचनानुसार हातातले हत्यार मोडले किंवा अडले म्हणजे ते डोळ्यांत भरते. एरवी ते कामात विरून गेलेले असते. अल्पज्ञात कळ याच्या उलट रीतीने तेच घडवते. येथे हत्यार मोडत नाही; ते अपेक्षेपेक्षा अधिक काही करून दाखवते आणि त्यामुळे नजरेत येते. 'हे असेही होऊ शकते' हा साक्षात्कार 'मग आजवर ते तसे का झाले?' या प्रश्नाला जन्म देतो. सवय जडली की हा प्रश्न पुन्हा झोपी जातो.

सर्वपरिचित जोडकळांच्या बाबतीत तो केव्हाच झोपी गेला आहे. कात्री लावणे, उचलणे आणि डकवणे या क्रियांना आजचे संगणकीय रूप मिळाले ते झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात, १९७४-७५च्या सुमारास लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवलेल्या 'जिप्सी' या संपादन-आज्ञावलीत. ही आज्ञावली एका पाठ्यपुस्तक-प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी होती आणि तिच्या क्रिया कागद कापून डिंकाने चिकटवण्याच्या त्यांच्या रोजच्या कामावरून घेतलेल्या होत्या. पुढे ॲपलच्या 'लिसा' या १९८३मधील संगणकासाठी टेस्लर यांनी शेजारशेजारच्या चार कळा निवडल्या. त्यांतील एक्स ही खोडण्याच्या फुलीसारखी, तर व्ही ही गाळलेला मजकूर घालण्याच्या उलट्या खुणेसारखी, असा त्यामागे विचार होता. हस्तलिखितांशी परिचय असलेल्या मराठी अभ्यासकाला येथे काकपद आठवेल. पोथीत राहून गेलेले अक्षर ओळीवर किंवा समासात लिहून त्याची जागा कावळ्याच्या पायासारख्या खुणेने दाखवण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. कंट्रोल आणि व्ही दाबून परिच्छेद डकवणाऱ्याच्या बोटांत संपादकाच्या खुणेचा हा अवशेष आहे. त्याला मात्र त्याची जाणीव नसते. सवयीचा हा स्वभावच आहे, त्यात दोष देण्यासारखे काही नाही. मात्र प्रश्न विचारण्याची वेळ कोणती, हे यावरून निश्चित होते.

३

दुसरा मुद्दा अल्पज्ञाततेच्या स्वरूपाचा. जे ठाऊक नाही ते कोणी लपवले होते काय? महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना मराठी गद्याचा हा ठेवा जवळजवळ बंदच होता. तेथे गुप्तता हेतुपूर्वक होती. लिपीची किल्ली पंथात होती आणि ती कोणाला द्यावयाची याचे नियम होते. जोडकळांचे तसे नाही. त्यांच्या याद्या उपलब्ध असतात, आज्ञावलीच्या साहाय्यपृष्ठांवर त्या दिलेल्या असतात, त्या विचारणाऱ्याला कोणी अडवत नाही. त्या उघड्यावर असूनही अज्ञात राहतात, आणि लपवलेल्यापेक्षा असे उघड्यावरचे अज्ञात अधिक विचार करावयास लावते. लपवलेले न कळल्याचा दोष लपवणाऱ्याकडे जातो. उघड्यावरचे न कळल्याचा दोष कोणाकडे जावा?

याचे एक कारण रचनेत आहे. पडद्यावरील यादीतून आज्ञा निवडताना ती केवळ ओळखावी लागते. जोडकळ मात्र आठवावी लागते. यादी स्वतःला दाखवते, जोडकळ कोणी तरी सांगावी लागते. म्हणून हे ज्ञान ग्रंथातून कमी आणि शेजारच्या मेजावरून अधिक पसरते. ते गुरुपरंपरेपेक्षा कारागिरांच्या परंपरेला जवळचे आहे. आणि येथेच एक सामाजिक वास्तव दिसू लागते. छापखान्यात किंवा डीटीपीच्या दुकानात बसून रोज पानेच्या पाने जुळवणाऱ्याला ज्या कळा ठाऊक असतात त्या, तीच पाने लिहिणाऱ्या विद्वानाला ठाऊक नसतात. विद्वान हस्तलिखित देतो. अवग्रह कोठून आणावा, पाय मोडलेले अक्षर पाय मोडलेलेच कसे ठेवावे, दोन परिच्छेदांमधली अनावश्यक जागा कशी काढावी, हे जुळवणारा जाणतो. लेखक आणि लेखनिक ही जुनी विभागणी संगणकाने मोडली असे वरवर वाटते, कारण आता लेखकच टंकन करतो. प्रत्यक्षात लेखकाने लेखनिकाचे काम घेतले, त्याचे ज्ञान मात्र घेतले नाही. ते ज्ञान कमी दर्जाचे आहे, 'तांत्रिक' आहे, असे म्हणून ते बाजूला ठेवणे सोपे असते. बुद्धीचे काम वरचे आणि हाताचे खालचे, ही आपल्या समाजातील जुनी उतरंड या एका विशेषणात सुखाने नांदते.

मोडीचा दाखला येथे उद्बोधक ठरेल. मोडी ही हाताच्या वेगासाठी वळलेली लिपी. शक्यतो हात न उचलता लिहावयाची. त्या वेगाच्या सोयीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सामान्यतः सोडून दिला गेला. दप्तराच्या व्यवहाराला तो भेद नसून चालत होते आणि लिहिणारा-वाचणारा दोघांनाही हा करार ठाऊक होता. म्हणजे लेखनाच्या साधनाने भाषेचे लेखी रूप बदलणे ही काही नवी गोष्ट नव्हे. फरक एवढाच की मोडी ही त्या व्यवहाराच्या आतून, मराठी लिहिणाऱ्या हातांनी घडलेली होती. शब्दप्रक्रियेच्या आज्ञावल्या मूलतः रोमन लिपीच्या अंगाने घडल्या आहेत. शिफ्ट आणि एफ-३ ही जोडकळ निवडलेला मजकूर मोठ्या लिपीत, लहान लिपीत किंवा प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे करून बदलते. इंग्रजी लिहिणाऱ्याला ती उपयोगाची आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. मराठी मजकुरावर ती दाबली असता काहीच होत नाही. साधनातल्या काही वाटा मराठीच्या गावाला जातच नाहीत, हे अशा वेळी कळते. मात्र यावरून आपल्या गावाला जाणारी वाटच नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. पुढील उदाहरण नेमके त्याच घाईचे आहे.

४

मराठीत 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' नमस्कार करावयाचा असतो आणि 'आचाऱ्यास' स्वयंपाकाचे सांगावयाचे असते. दोहोंतील भेद रफाराचा आणि पापणीसारख्या दिसणाऱ्या अर्ध्या 'र'चा. हा भेद मराठीच्या उच्चारात आहे, व्याकरणात आहे आणि लिपीतही आहे. जोतीराव फुले यांच्या १८८३मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचे नावसुद्धा त्यावाचून लिहिता येत नाही. असे असूनही संगणकावर जुळवलेल्या मराठी मजकुरात 'दर्याखोर्यांत', 'वार्यावर', 'शेतकर्यांच्या' अशी रूपे आढळतात. विचारणा केली तर 'टायपिंगमध्ये तसेच येते' असे उत्तर मिळते.

ते उत्तर खरे नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात ज्या कळेवर 'र' आहे त्याच कळेवर, शिफ्टसह, 'ऱ' आहे. तो घेऊन पुढे हलन्त आणि 'य' दाबला की 'ऱ्य' उमटतो. वर्डमध्ये आणखी एक मार्ग आहे. इंग्रजी अंकांत ०९३१ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबले की त्या आकड्याच्या जागी 'ऱ' येतो, आणि अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून तीच जोडकळ दाबली तर अक्षर पुन्हा आपला संकेतांक दाखवते. ही जोडकळ वर्डमधील अल्पज्ञात सोयींपैकी एक होय. ती अक्षर लिहिण्यापुरती उपयोगी नाही. पडद्यावर दिसणारे अक्षर आतून काय आहे ते ती सांगते. बॅकस्पेसचेही असेच काहीसे आहे. 'दऱ्या' लिहून बॅकस्पेस दाबत गेले तर सामान्यतः आधी काना जातो, मग 'य', मग हलन्त. ज्या क्रमाने अक्षर घडले त्याच्या उलट क्रमाने ते उकलते. जोडाक्षराची फोड शिकवण्याचे काम ही नगण्य कळ नकळत करीत असते.

आतून काय आहे, याला अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्व आहे. पापणीचा 'र' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत 'ऱ' आणि हलन्त यांची. दुसरी साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर जोडणी दर्शवणारे एक अदृश्य चिन्ह, ही. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ती चालू ठेवलेली आहे. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती भिन्न अक्षरक्रमांची बनलेली असतात. एका रीतीने लिहिलेला 'शेतकऱ्याचा' हा शब्द शोधताना दुसऱ्या रीतीने लिहिलेला निसटू शकतो, आणि 'शेतकर्याचा' असे लिहिलेला तर निसटतोच. प्रबंधांची शोधगंगा, शब्दांची वारंवारता, संहितांची तुलना यांवर आधारलेला अभ्यास जसजसा वाढेल तसतसे हे निसटणे म्हणजे अभ्यासाच्या सामग्रीतील मूक गळती ठरेल. ती कोणाला दिसणार नाही, कारण जे सापडत नाही त्याची अनुपस्थितीही जाणवत नाही.

आता प्रश्न उत्तरदायित्वाचा. ॲरिस्टॉटलने 'निकोमॅखिअन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात अज्ञानामुळे घडलेली कृती आणि अज्ञानावस्थेत घडलेली कृती यांत भेद केला आहे, आणि जे अज्ञान टाळणे त्या व्यक्तीच्या हाती होते त्याबद्दल तिला दोषी धरणे न्याय्य मानले आहे. आपल्या धर्मशास्त्रानेही दोष कामतः घडला की अकामतः, हे पाहून प्रायश्चित्ताचा विचार केला. अकामतः घडलेल्याला प्रायश्चित्त सौम्य, पण ते नाहीच असे नाही. या दोन्ही विचारांच्या प्रकाशात तीन स्थिती वेगळ्या करता येतात. पहिली, सोयच नसणे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८मध्ये. तत्पूर्वी तो कोणी वापरला नाही याचा दोष लेखकाकडे जाऊच शकत नाही. दुसरी, सोय असणे पण ती कळण्याचा मार्ग लेखकाच्या आवाक्यात नसणे. खेड्यातल्या सामायिक संगणकावर, कोणाच्याही मार्गदर्शनावाचून, हाती आलेल्या कळफलकावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची ही स्थिती असते आणि त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. तिसरी, सोय आहे, विचारण्याजोगी माणसे आहेत, शब्द चुकीचा उमटला हे डोळ्यांना दिसते आहे, आणि तरीही 'येत नाही' असे म्हणून पुढे जाणे. येथे अज्ञान हे निमित्त आहे. कृती निवडीची आहे. पोथीच्या अखेरीस लेखनिक 'जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये' अशा आशयाचा निर्वाळा देत असत. त्यांच्या समोर दुसऱ्याची पोथी होती, म्हणून तो निर्वाळा शोभला. स्वतःच्याच वाक्याविषयी लेखकाला तो देता येत नाही.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. भाषेच्या अचूकतेचा भार व्यक्तीवर टाकणे म्हणजे साधने घडवणाऱ्यांना मोकळे सोडणे होय. मराठीचा मूलभूत भेद दाखवणारे अक्षर सहज दिसावे, अशी रचना करणे हे घडवणाऱ्यांचे काम; प्रत्येक लेखकाने आकडे पाठ करावेत ही अपेक्षा अवास्तव आहे. शिवाय, जो जास्त कळा जाणतो तो चांगला लेखक, अशी एक नवी उतरंड यातून उभी राहील. आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावाच लागेल. घडवणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे, ती धोरणाची आणि संस्थांची बाब आहे. परंतु एकाची जबाबदारी सिद्ध झाल्याने दुसऱ्याची संपत नाही. रस्ता खराब असणे हा नगरपालिकेचा दोष खरा. तरी त्या रस्त्यावरून वाहन कसे हाकावे ही हाकणाऱ्याची बाब उरतेच. दुसऱ्या भागाचे उत्तर असे की येथे कळांची संख्या महत्त्वाची नाही. शंभर जोडकळा जाणणारा बेफिकीर असू शकतो आणि एकच जाणणारा सावध. कळ जाणून लेखक आपल्या मजकुराच्या जवळ जातो की दूर, हे पाहावयाचे आहे.

हे पाहण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. एखाद्या संशोधकाला 'ऱ्य'ची कळ प्रबंध पूर्ण झाल्यावर कळली असे समजा. चारशे पानांत सर्वत्र 'र्य' झालेला आहे. साहजिकच त्याला दुसरी, सर्वज्ञात जोडकळ आठवेल: कंट्रोल आणि एच, म्हणजे शोधा आणि बदला. 'र्य' शोधावयाचा, 'ऱ्य' घालावयाचा, 'सर्व बदला' म्हणावयाचे. क्षणार्धात चारशे पाने दुरुस्त होतील. दर्याखोर्यांच्या दऱ्याखोऱ्या होतील. त्याच क्षणी 'कार्य'चे 'काऱ्य' होईल, 'सूर्य'चा 'सूऱ्य', 'आचार्य'चा 'आचाऱ्य', आणि 'सौंदर्य'शास्त्रावरच्या प्रकरणात तर शब्दागणिक हानी होईल. जो भेद सांभाळण्यासाठी ही दुरुस्ती, तोच भेद दुरुस्तीने उलट्या दिशेने पुसला जाईल. नारायणराव पेशव्यांच्या १७७३मधील खुनाशी निगडित असलेल्या आख्यायिकेने मराठीला 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार दिला. त्या कथेत निदान एकच अक्षर बदलले जाते आणि बदलणाऱ्याला काय बदलले ते पक्के ठाऊक असते. 'सर्व बदला' या आज्ञेत हजार अक्षरे बदलतात आणि बदलणाऱ्याने त्यांतील एकही पाहिलेले नसते. जाणून केलेले दुष्कृत्य आणि न पाहता केलेली दुरुस्ती यांची नैतिक तुलना होऊ शकत नाही, हे खरे. भाषेपुरता विचार केला तर मात्र दुसरीचे नुकसान अधिक दूरवर पोहोचू शकते.

यावर आज्ञावलीतच उपाय आहे. तीच खिडकी 'पुढचा शोधा' असेही म्हणू देते. एकेक जागी थांबून हा 'दर्या' की 'दऱ्या', हे ठरवता येते. त्याला दोन दिवस लागतील. त्या दोन दिवसांत लेखकाला आपला प्रबंध पुन्हा वाचावा लागेल, आणि हे वाचन ही शिक्षा नव्हे. कंट्रोल, शिफ्ट आणि ई या जोडकळेने बदलांची नोंद चालू ठेवली तर काय होते आणि काय झाले, हे मार्गदर्शकालाही दिसते. पूर्वी पोथीतले अक्षर रद्द करताना त्यावर हरताळ फासत. पिवळा डाग राहत असे आणि वाचणाऱ्याला येथे काही होते हे कळत असे. पाठचिकित्सेला त्या डागाचाही उपयोग होतो. कंट्रोल आणि झेड डाग ठेवत नाही. म्हणून संगणकावर लिहिणाऱ्याला डाग ठेवावयाचा की नाही, याची निवड स्वतः करावी लागते. आणि निवड करावी लागते म्हणूनच ती करता येते हे ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

यावरून जोडकळांचे दोन वर्ग पाडता येतात. एका वर्गातील कळा श्रम कमी करतात पण लक्ष कमी करीत नाहीत: कालच्या जागी परत नेणारी, अक्षराचा संकेतांक उघड करणारी, कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबून अदृश्य जागा आणि परिच्छेदखुणा दाखवणारी, बदलांची नोंद ठेवणारी. यांना जवळची वाट म्हणता येईल. मुक्काम तोच, पायपीट कमी. दुसऱ्या वर्गातील कळा पाहण्याचे श्रमच वाचवतात. त्या वाईट आहेत असे नव्हे. एकच कळ दोन्ही रीतींनी वापरली जाऊ शकते, हे कंट्रोल आणि एचच्या उदाहरणातून दिसलेच. वाट जवळची की चोरवाट, हे वाटेवर अवलंबून नसते. कोणाची नजर चुकवावयाची आहे यावर ते अवलंबून असते, आणि लेखनात बहुधा ती नजर लेखकाची स्वतःचीच असते.

शेवटी, शोध लागल्यानंतरच्या हळहळीकडे पुन्हा येता येईल. ती हळहळ वेळेची नसून उत्तरदायित्वाची असेल, तर तिचे समाधान अधिक वेगाने लिहिण्यात नाही. दोन गोष्टी तिच्यातून निष्पन्न व्हाव्यात. एक, जे आधी लिहिले त्याकडे परतणे. दुसरी, जे कळले ते शेजारच्याला सांगणे. कारण हे ज्ञान ग्रंथांतून कमी आणि माणसांतून अधिक पसरते, आणि न सांगितल्यास ते उघड्यावर असूनही गुप्तच राहते. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात तळटिपा कशा द्याव्यात हे शिकवले जाते. मराठीचा 'ऱ्' कसा लिहावा, हे मात्र विद्यार्थ्याने कोठून तरी शिकून यावे अशी अपेक्षा असते. ज्या प्राध्यापकाने ते डीटीपी करणाऱ्याकडून शिकून घेतले आणि वर्गात सांगितले, त्याने तांत्रिक माहिती दिली असे म्हणणे अपुरे आहे. आचार्य आणि आचारी यांतला भेद राखण्याचे काम त्याने पुढच्या हातांकडे दिले आहे.